मावळतीआधीची नावं

एका खोऱ्यात एकदा असं घडलं, की तिथल्या राणीनं आपण होऊन राज्याचा कारभार लोकांच्या हाती दिला. तिचं वय झालं होतं, पोटी मूलबाळ नव्हतं. तिनं दवंडी पिटवली: यापुढे खोऱ्याचा कारभार सभा पाहील, आणि सभेत कोण बसणार ते लोक ठरवतील.

झालं, खोऱ्यात जी धांदल उडाली ती विचारू नका. पाणवठ्यावर, न्हाव्याच्या ओट्यावर, बाजारात, जिथं बघावं तिथं हेच बोलणं. बायका घागरी भरायच्या विसरायच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना तर खरंच वाटेना. "म्हणजे मला विचारणार?" असं जो तो दुसऱ्याला विचारी, आणि हो म्हटलं की लहान मुलासारखा हसे.

राणी मोठी दूरदर्शी होती. कारभार लोकांच्या हाती द्यायचा, तर कोणाला मत आहे आणि कोणाचं मत कुठं मोजायचं हे आधी ठरायला हवं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं कायदा केला. खोऱ्याचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून एक माणूस सभेत पाठवायचा. गटागटांतली माणसं संख्येनं जवळपास सारखी असावीत. गटाची शीव ओढे-डोंगर पाहून आखावी, माणसं पाहून आखू नये. आखलेली शीव चावडीवर वाचून दाखवावी, कोणाची हरकत असली तर ऐकावी, आणि एकदा कायम झाली की निवडणूक होईतो कोणी हलवू नये. ज्याची चूल ज्या गटात, त्याचं नाव त्याच गटाच्या यादीत, आणि तेही एकदाच. शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की यादी बंद.

हे सगळं पाहायला वरच्या गटात राणीनं पंतोजींना पंच नेमलं. अर्धं खोरं त्यांच्या हाताखाली अक्षरं शिकलं होतं, आणि त्यांनी कधी कोणाची पाटी कोणाला दाखवली नव्हती.

या वरच्या गटात हैबती नावाचा एक गाडीवान राहायचा. डझनभर गाड्या, उमदे बैल, दिलदार स्वभाव. खोऱ्याबाहेरच्या चार गावांचं पाणी प्यालेला माणूस. सभेत आपण बसावं, घाटातला रस्ता नीट करावा, असं त्याच्या मनात भरलं. दुसरीकडून गिरजाबाई तांबटीण उभी राहिली. तीही कर्ती बाई. दोघांत चुरस अशी, की पैज लावावी तर कोणावर लावावी कळेना.

अडचण होती ती पाथरवटांच्या वाडीची. ही वाडी ओढ्याच्या अलीकडे, माळावर. मागं एकदा दगड वाहताना हैबतीच्या गाडीचा आस मोडला होता. त्या रागात त्यानं वाडीचा दगड वाहणं बंद केलं. तेव्हापासून वाडीतली माणसं डोक्यावर दगड वाहत होती. उलट विहीर आटली त्या साली गिरजाबाईनं त्यांना आपल्या परसातल्या आडाचं पाणी भरू दिलं होतं. वाडी कोणाला मत देणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं.

हैबतीचा मेहुणा धाकोजी म्हणाला, "दाजी, शीव जर ओढ्यावरून न नेता वाडीच्या अलीकडच्या बांधावरून नेली, तर वाडी पलीकडच्या गटात जाईल. पंतोजी तुमचे गुरू आहेत. एकदा बोलून तर बघा."

हैबती गेला. पंतोजी ओसरीवर खोऱ्याचा नकाशा पसरून बसले होते.

"पंतोजी, रेघ कुठून तरी जाणारच ना," हैबती म्हणाला. "जरा अलीकडून गेली तर कोणाचं काय बिघडतं?"

पंतोजींनी मान वर केली नाही. "वाडीचा बाजार इथला, पाणी इथलं, वाट इथली. मत तेवढं पलीकडचं केलं, तर पलीकडचा त्यांना ओळखणार नाही आणि इकडचा त्यांना मोजणार नाही. हैबती, रेघ अलीकडून गेली तर वाडीचं बिघडतं."

हैबतीचा चेहरा उतरला. तो जायला निघाला तेव्हा पंतोजी एवढंच म्हणाले, "त्यांची मतं मिळत नाहीत असं वाटतं, तर मागून बघ की. तू मागितलीयस कधी?"

शीव ओढ्यावरूनच आखली गेली. चावडीवर वाचली गेली, कोणी हरकत घेतली नाही, आणि ती कायम झाली. नावनोंदणी सुरू झाली. हैबती गल्लोगल्ली फिरला, पण माळाकडं त्याची पावलं वळेनात. मागायला जायचं म्हणजे त्या मोडक्या आसाचं बोलणं निघणार. तसे दिवस गेले आणि नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या सकाळी त्यानं मनाचा हिय्या केला आणि तो वाडीवर गेला.

वाडीत सगळ्या दारांना कड्या. एका झोपडीपुढं एक म्हातारी शेळीला पाला घालत होती.

"आजी, माणसं कुठं गेली सगळी?"

"खाणीवर, लेका. थंडी सरेस्तोवर तिकडंच असतात, खिंडीच्या पल्याड. माझा पाय मुरगळला म्हणून काल मला इथं आणून सोडलं. तुझं काय काम होतं?"

"नावं दिली का तुम्ही चावडीवर? मतासाठी?"

म्हातारीनं पाला खाली ठेवला. "कसली नावं?"

हैबतीच्या लक्षात आलं. दवंडी पिटली तेव्हा वाडी रिकामी होती. नोंदणीची वर्दी द्यायला घरोघर फिरणारा कारकून आला असेल, त्यानं कड्या बघितल्या असतील आणि तो तसाच परतला असेल. सगळ्या वाडीचं एकही नाव यादीत नव्हतं. आणि आज मुदत संपत होती.

म्हातारीला काही न सांगता तो परतला. वाटेत धाकोजी भेटला. हैबतीनं त्याला सांगितलं, तसा धाकोजीनं त्याचे दोन्ही हात धरले.

"दाजी, देव पावला. शीव हलली नाही, तरी वाडी आपसूक गेली. आता फक्त गप्प राहायचं. तुम्ही कोणाचं नाव खोडलं नाही, कोणाला अडवलं नाही. गप्प राहणं काही गुन्हा नाही."

हैबतीलाही ते पटल्यासारखं झालं. खरंच, त्यानं काय केलं होतं?

चावडीवर जत्रा लोटली होती. शेवटचा दिवस म्हणून राहिलेले सगळे धावत आले होते. एकेक जण पंतोजींपुढं जाई, आपलं नाव सांगे, आणि पंतोजी ते लिहून मोठ्यानं वाचून दाखवत. एका आंधळ्या बाईनं आपलं नाव ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा वाचा." पंतोजींनी पुन्हा वाचलं. तिच्या तोंडावर असं काही हसू आलं, की रांगेतली माणसंही हसू लागली. जन्मभर तिला लोक 'आंधळी' म्हणत आले होते. चारचौघांत नाव घेऊन कोणी बोलावलं नव्हतं.

हैबतीनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला ती माळावरची म्हातारी आठवली. कसली नावं, असं तिनं विचारलं होतं.

सूर्य डोक्यावर आला. कायद्यात असं होतं, की शेवटच्या दिवशी मध्यान्हीला पंचानं तीनदा हाक द्यावी. पंतोजी उठून ओट्याच्या कडेला आले.

"कोणी राहिलंय का?"

लोकांनी इकडं तिकडं बघितलं.

"कोणी राहिलंय का? कोणाला ठाऊक असेल तर सांगा."

धाकोजीनं हैबतीच्या दंडाला हलकेच दाबलं. समोर गिरजाबाई उभी होती. तिला काही ठाऊक नव्हतं. तिथं जमलेल्या माणसांत फक्त दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक त्याचा दंड दाबत होता.

"कोणी राहिलंय का?"

"राहिलेत," हैबती म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "माळावरची वाडी राहिलीय. अख्खी. खाणीवर आहेत सगळे."

चावडीवर एकच गलका झाला. पंतोजींनी हात वर केला. "खाणीवर असले तरी चूल इथं आहे. हक्क इथलाच. पण नाव ज्याचं त्यानं समोर येऊन सांगायला हवं. सूर्य मावळेपर्यंत मी इथून हलणार नाही. मावळला, की खुद्द राणीसाहेब आल्या तरी लिहिणार नाही."

खाण खिंडीपलीकडं. चालत आणायची तर माणसं रात्रीही पोचली नसती. हैबतीनं पागोटं घट्ट केलं आणि आपल्या गाडीवानांना हाक घातली. धाकोजी डोक्याला हात लावून खाली बसला. तोवर एकामागोमाग एक साऱ्या गाड्या जुंपल्या गेल्या, घुंगरांचा आवाज उठला, आणि सगळा काफिला धुरळा उडवत खिंडीकडं सुटला.

खाणीवरच्या माणसांना वाटलं, कुठं आग लागली. हैबती गाडीतून उडी मारून धापा टाकत म्हणाला, "चला, बसा गाडीत. नावं द्यायचीत. मतं आहेत तुम्हाला."

वाडीचा म्होरक्या सोमाजी छिन्नी हातात घेऊन पुढं आला. "तुझ्या गाडीत? दगड बसत नव्हता त्या गाडीत, आणि आम्ही बसायचं?"

"चुकलं माझं," हैबती म्हणाला. "भांडण उद्या करू. आज वेळ नाही."

सोमाजीनं सूर्याकडं बघितलं, मग माणसांकडं वळला. "बसा रे. पोरींनो, तुम्हीपण. मी अवजारं झाकून शेवटच्या गाडीनं येतो."

परतीचा तो प्रवास खोऱ्यात पुढं कितीतरी वर्षं सांगितला जायचा. गाड्या खिंडीतून उतरताना माणसं एकमेकांना धरून ओरडत होती, हसत होती. एका वळणावर एका गाडीचं चाक निखळलं, तशी त्यातली माणसं उतरून पळतच सुटली. माळावर हैबतीनं क्षणभर गाडी थांबवली, म्हातारीला दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवलं आणि बैलांना पुन्हा हाक दिली. चावडीवरून गाड्या दिसल्या तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. गिरजाबाईनं धावत जाऊन रांग लावली, रांगेत पाणी फिरवलं. पंतोजींची लेखणी थांबेना. नाव सांगायचं, नाव ऐकायचं, पुढं सरकायचं. म्हातारीला स्वतःचं पाळण्यातलं नाव चटकन आठवेना. सगळी चावडी श्वास रोखून थांबली. मग ती एकदम म्हणाली, "चंद्रभागा." तिचं नाव चंद्रभागा आहे हे तिच्या नातवंडांनाही तेव्हाच कळलं.

सूर्य बुडाला. पंतोजींनी लेखणी खाली ठेवली आणि यादीवर राणीची मोहर उमटवली.

तेवढ्यात शेवटची गाडी येऊन थांबली आणि सोमाजी उडी मारून पुढं आला. सगळ्यांना पुढं धाडून तोच मागं राहिला होता.

"पंतोजी, एवढं एक नाव घ्या," हैबती काकुळतीनं म्हणाला. "क्षणाचा तर उशीर झालाय."

पंतोजींचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही. "हे लिहिलं तर उद्या आलेल्याला मी काय सांगू? आणि परवा आलेल्याला?"

सोमाजीनं यादीपुढं जमलेल्या आपल्या माणसांकडं बघितलं. "माझी सगळी वाडी लिहिली गेली ना? मग ठीक आहे. पुढल्या खेपेला रांगेत पहिला मी."

मतदानाचा दिवस आला. एका पडद्याआड दोन रांजण ठेवले होते, एकावर हैबतीच्या चाकाचं चित्र, एकावर गिरजाबाईच्या कळशीचं. यादीत नाव असेल त्याला एक चिंचोका मिळे. आत जायचं आणि हव्या त्या रांजणात टाकायचा. पाथरवटांची वाडी ढोल वाजवत आली. संध्याकाळी सगळ्यांसमोर रांजण ओतले, चिंचोके मोजले. कळशी जिंकली. फरक थोडा होता, आणि तो वाडीनंच पाडला होता.

हैबतीची माणसं खवळली. कोणी म्हणालं, वाडीची निम्मी नावं सूर्य बुडाल्यावर लिहिली, मतं रद्द करा. काठ्या बाहेर निघायला वेळ लागला नसता. सगळे हैबतीकडं बघू लागले.

"शेवटचं नाव लिहिलं तेव्हा डोंगरावर ऊन होतं," हैबती म्हणाला. "मी तिथं उभा होतो. मी हरलोय, आणि ते बरोबर मोजलंय."

काठ्या जिथल्या तिथं राहिल्या. त्या रात्री हैबतीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सकाळी उठला तेव्हा छातीवर काही ओझं नव्हतं, आणि त्यालाच त्याचं नवल वाटलं. त्याच आठवड्यात त्याच्या गाड्या पुन्हा वाडीचा दगड वाहू लागल्या.

पुढं काही वर्षांनी खोऱ्याची वस्ती वाढली. कायद्याप्रमाणं गटांच्या शिवा नव्यानं आखायच्या होत्या. पंतोजी थकले होते. नवा पंच असा हवा होता, की ज्याच्यावर कोणाचीच हरकत नसेल. पण कायद्यानं तो पंच स्वतः कधी निवडणुकीला उभा राहू शकणार नव्हता. एक दिवस हैबतीच्या दारात गिरजाबाई आणि सोमाजी दोघंही येऊन उभी राहिली.

"दाजी, हो म्हणालात तर सभेत बसायचं कायमचं राहिलं," धाकोजी घाईनं म्हणाला.

"तुम्ही दोघं माझ्या नावावर कशी आलात?" हैबतीनं विचारलं.

"दुसरं नाव कोणी सुचवलंच नाही," गिरजाबाई म्हणाली. "चावडीवर विचारलं, शीव कोणाच्या हाती द्यायची, तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव."

हैबती आत जाऊन मोजणीची लांब दोरी घेऊन आला. तिचं एक टोक त्यानं गिरजाबाईच्या हाती दिलं, दुसरं सोमाजीच्या. "चला," तो म्हणाला, "ओढ्यापासून सुरुवात करू."

तात्पर्य इतकंच, की आपल्या विरुद्ध जाणारं नावही जो वेळेत लिहून घ्यायला लावतो, त्याच्याच हाती लोक डोळे मिटून शिवेची दोरी देतात.