हातच्याची मगर

एकदा एक वृद्ध गुरू संगणकावरचे खेळ रचण्याची विद्या शिकवीत असे. त्याच्या एका शिष्येने आपला पहिला खेळ पूर्ण केला. नदीतून नाव पैलतीरी न्यायची, एवढाच तो खेळ. वाटेत कोणती संकटे यावीत, हे सेटिंगच्या फाइलमधल्या एकाच बाइटमध्ये लिहिलेले असे.

बाइट म्हणजे एका ओळीत मांडलेले आठ दिवे. जो दिवा लागलेला, ते संकट नदीत हजर. पहिल्या दिव्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ, अशी दुपटीने वाढणारी. लागलेल्या दिव्यांची बेरीज तेवढी फाइलमध्ये दिसे. पहिला दिवा खडकांचा, दुसरा भोवऱ्याचा, तिसरा धुक्याचा, चौथा मगरीचा. शिष्येने पहिले तीन लावले होते, म्हणून फाइलमध्ये सात होते. मगरीचे चित्र अर्धेच झाले होते, म्हणून तिला झोपवून ठेवले होते.

खेळ पाहायला एक व्यापारी येणार होता. त्याला तो पसंत पडला, तर शिष्येला शहरात त्याच्याकडे काम मिळणार होते. नाही तर घरचे तिला परत बोलावून घेणार होते.

"शेठना भोवरा हवाय. विसरू नकोस," गुरू सकाळी म्हणाला. जेवताना पुन्हा म्हणाला. व्यापाऱ्याची गाडी दारात थांबली, तेव्हा पुन्हा म्हणाला. शिष्या वैतागली. खात्री असावी म्हणून तिने फाइल उघडली, भोवऱ्याचे दोन मिळवले आणि साताचे नऊ केले.

व्यापाऱ्याची नाव खडक चुकवीत निघाली. भोवरा आला नाही. धुकेही नाही. अचानक बिनशेपटीची मगर वर आली आणि नाव गिळून बसली.

"मी भोवरा मागितला होता," व्यापारी उठत म्हणाला. "ही तर शेपूट घरी विसरून आली."

शिष्येचा चेहरा उतरला. गुरू शांतपणे उठला आणि त्याने डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची दोरी ओढली. पंखा थांबला.

"अहो गुरुजी, चालू होता की तो," व्यापारी घाम पुसत म्हणाला.

"तुम्हाला वारा हवा होता ना, शेठ? म्हटलं, खात्री करून घ्यावी." मग तो शिष्येकडे वळला. "अगं, लागलेला दिवा पुन्हा लावता येत नाही. भोवऱ्यात भोवरा मिळवलास, तो विझला आणि हातचा पुढे गेला. पुढे धुकं लागलेलंच होतं. तेही विझलं, हातचा आणखी पुढे गेला. तिथे मगर झोपली होती, ती उठली. आधी बघावं लागलंय का. नसेल तरच लावावं."

"पटलं," शिष्या म्हणाली. "पण माझ्या डोक्यात भोवरा सकाळीच लागला होता, गुरुजी. तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलंत, तेव्हा राग आला. तिसऱ्यांदा सांगितलंत, तेव्हा स्वतःचीच शंका आली. ही मगर तुमच्या हातच्याची."

यावर व्यापारी हसला. "गुरुजी, पोरीनं तुमचीच दोरी ओढली."

"खरं आहे," गुरू म्हणाला आणि त्याने पंखा पुन्हा सुरू केला.

शिष्येने नवाचे सात केले. व्यापारी भोवऱ्यात गरगरला, धुक्यात भरकटला, बुडाला आणि प्रत्येक वेळी "आणखी एकदा" म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "सोमवारपासून ये. मगरीला शेपूट लावून तीही घेऊन ये."

शिष्या निघताना गुरू दारापर्यंत आला. "जपून जा," तो म्हणाला. तिने मान डोलावली आणि पायरी उतरली. त्याने पुन्हा तोंड उघडले, आत फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले आणि मिटले. ती हसत फाटकाबाहेर पडली.

घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनो, तुमचे 'जपून जा' पहिल्याच वेळी लागलेले असते.