फणसाच्या फळीतले मोर

एका गावात एक कारागीरण राहायची. लाकडाचे दागिने करावेत तर तिनेच! पायाने दांडी दाबली की खालीवर नाचणारी करवत तिच्याकडे होती, आणि त्या करवतीचं पातं दोऱ्याएवढं बारीक. त्या पात्याने ती नखाएवढी फुलं, पानं, मासोळ्या कापायची आणि गावातल्या बायका ते डूल कानात घालून मिरवायच्या.

त्या गावची एक रीत होती. नवरीच्या कानात माहेरच्या अंगणातल्या झाडाचेच डूल हवेत, तेही लग्नाच्या दिवशी वऱ्हाडासमोर कापलेले. डूल नाहीत तर बोहल्यावर चढणं नाही.

आता कारागिरणीला कौतुकाची भारी हौस. चार माणसं बघायला जमली की ती सगळ्यात आधी बाहेरची रेघ कापायची. फळीतून टपकन मोर सुटून आला की लोक टाळ्या पिटायचे आणि ही फुलून जायची. आतली नक्षी मग सावकाश. काम शिकवणारी तिची आत्या बिचारी शेवटपर्यंत कानीकपाळी ओरडत राहिली, "अगं, आधी आतलं काप. बाहेरची रेघ शेवटी!"

"आत्या, तोवर बघणारे घरी जातील की!" ही हसून म्हणायची. मोडलाच एखादा मोर, तर दुसरं लाकूड होतंच.

एकदा एक आई फणसाची लहानशी फळी पदराखाली घेऊन आली. मागे नवरी आणि सगळं वऱ्हाड.

"बाई, आमचा फणस वादळात पडला. एवढंच लाकूड जपून ठेवलंय. संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे. माझ्या लेकीला मोर हवेत, पिसारेवाले."

"हात्तिच्या! बघा तर खरं," म्हणत कारागिरणीने फळीचे दोन तुकडे केले आणि एकातून झरकन मोर काढला. टाळ्या कडाडल्या. मग ती पिसाऱ्यातले डोळे कापायला बसली, पण एवढासा मोर चिमटीत धरायचा तरी कसा? पातं अडकलं, मोर थरथरला आणि मानेतून मोडला.

नवरीची आई मटकन खाली बसली. कारागीरण शरमेने लाल झाली. उरलेल्या तुकड्यात जेमतेम दोन मोर बसत होते. आता एकही मोडून चालणार नव्हतं.

"अहो, मघासारखं झटपट होऊ द्या. पाहुणे खोळंबलेत," वरमाय म्हणाली.

"मोर अगदी शेवटी दिसतील. तोवर नुसती फळीच बघावी लागेल," कारागीरण म्हणाली.

तिने तुकड्यात सुईएवढं भोक पाडलं, त्यातून पातं ओवलं आणि पिसाऱ्यातला एक डोळा कापला. पातं सोडवलं, पुढच्या भोकात ओवलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. लोक कंटाळले. कोणी जांभया दिल्या, कोणी उठून गेलं.

"एवढा वेळ झाला तरी फळी आपली फळीच!" वरमाय फणकारली.

कारागिरणीचा हात शिवशिवला. बाहेरची रेघ कापली की सगळे गप्प झाले असते. पण बाजूचं लाकूड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि आतला मोर तसूभरही हलत नव्हता. आत्या काय सांगत होती ते आज तिच्या बोटांना कळलं. तिचे डोळे भरून आले, पण पाय थांबला नाही.

उन्हं कलली. गाईगुरं परतायला लागली. तेव्हा कुठे तिने बाहेरची रेघ कापायला घेतली.

दोन मोर तिच्या तळहातावर उतरले. तुरा शाबूत, मान शाबूत, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा मोकळा! नवरीने ते कानात घातले आणि मान हलवून पाहिली. वाजंत्री दणाणली. वरमाय स्वतःच टाळ्या पिटू लागली. आणि आपली कारागीरण? ती लहान पोरीसारखी रडत रडत हसत होती.

वऱ्हाड मांडवाकडे निघालं. उरलेली फळी तिने जळणात टाकायला उचलली, तर नवरीच्या आईने हात धरला.

"ती मला द्या, बाई. शेवटपर्यंत मोरांना हिनेच सांभाळलं."

आईने ती फळी दाराशी टांगली. रोज सकाळी ऊन तिच्यातल्या मोरांच्या आकाराच्या भोकांतून आत येतं आणि घराच्या जमिनीवर दोन मोर उतरतात.

तात्पर्य: घडत असताना ज्याने धरून ठेवलं, त्याला अडगळ समजू नये. सुटायची घाई केली की आपण मोडतो. धीर धरला की अख्खे सुटतो.