करकोच्याचा पाहुणचार

माळरानावर माणसांपेक्षा मेंढ्या अधिक होत्या, त्या काळची ही गोष्ट. पंख दुखावलेला एक करकोचा सुभाना धनगराच्या मेंढवाड्यात उतरला.

मान ताठ करून तो म्हणाला, “मी पाहुणा आहे. आमच्याकडे पाहुण्यांचे आदराने स्वागत होते.”

मेंढ्यांचे रवंथ थांबले. ढवळी नावाच्या म्हाताऱ्या मेंढीने आपल्या एकुलत्या कोकराला घाईघाईने कळपाच्या मध्यभागी ढकलले. “बाबा, माझ्या वाट्याचे दाणे खा, हवे तितके दिवस राहा, पण तो शब्द इथे उच्चारू नकोस.”

“मेंढ्यांना शिष्टाचार कुठून ठाऊक असणार!” करकोचा हसला. तो रोज कुंपणाशी उभा राहून ओरडू लागला, “पाहुणे आले! पाणी आणा!” प्रत्येक वेळी ढवळी दचकून कोकराला लपवी, आणि तो पोट धरून हसे.

“अगं, किती घाबरशील? तो पाखराचा चाळा आहे,” शेजारची मेंढी म्हणाली. हळूहळू ढवळीचे दचकणे थांबले.

नवव्या दिवशी आरोळी आली, “अगं सारजे, पाहुणे आले!” ढवळीने मान वर केली नाही. पण ही हाक सुभानाने आपल्या बायकोला मारली होती. दाराशी बागडणारे कोकरू त्याने सहज उचलून नेले.

सायंकाळी करकोच्याने विचारले, “कोकरू दिसत नाही?”

ढवळी सुभानाच्या चुलीच्या धुराकडे पाहत होती. “आमच्याकडेही पाहुण्यांचे आदराने स्वागत होते,” ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे तिने आपल्या वाट्याचे दाणे त्याच्यापुढे सारले.

करकोच्याला त्यांतला एकही दाणा गिळता आला नाही.