हिरोजी तांडेलाचा सरळ दांडा

खाडीवर पूल बांधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनी तर ऐकाच.

त्या खाडीच्या काठी हिरोजी नावाचा तांडेल राहत होता. पलीकडच्या बेटावर देवीचं ठाणं होतं. माणसांना होडीतून तिथे नेणं-आणणं हे त्याचं काम. सुकाणूचा दांडा त्याच्या हाती असे, आणि शीड सांभाळायला धाकटा भाऊ लखू. दोघांचे संसार एकाच चुलीवर चालत.

होडी बापाच्या हातची, साधी आणि भरवशाची. पण हिरोजीला ती संथ वाटू लागली. त्याने परक्या बंदरातून उंच डोलकाठी आणि मोठं शीड आणलं. जुनी काठी उपटली आणि नवी घाईघाईत रोवली. होडी वाऱ्यासारखी पळू लागली, तसा हिरोजी हरखून गेला.

मग एक गोष्ट ध्यानात आली. होडी सरळ जात असली तरी दांडा सरळ नसायचा. नवी काठी डाव्या अंगाला सरकून बसली होती, त्यामुळे शीड भरलं की होडी उजवीकडे ओढ घ्यायची. तिला नाकासमोर न्यायची, तर दांडा सतत एका कडेला रेटून धरावा लागे. बाकीच्या होड्यांवरची माणसं हसत.

“तांडेल, होडी निघाली बेटाला, दांडा कुठल्या गावाला?”

हिरोजीला ते फार लागलं.

लखू म्हणाला, “दादा, होडी वर ओढू. काठी काढू आणि मधोमध बसवू. तळाची फळीही बदलावी लागेल.”

“आणि जत्रा तोंडावर आलीय, तिचं काय? लोक दुसऱ्यांच्या होड्यांत बसतील.”

“बसू देत की! दांडा खोटं बोलत नाही, दादा. होडीच ओढतेय.”

हिरोजीने ऐकलं नाही. दांडा सुकाणूला जोडणारी खुंटी त्याने उपटली, दांडा फिरवून मधोमध आणला, नवं भोक पाडलं आणि खुंटी पुन्हा ठोकली. आता होडी सरळ जाई आणि दांडाही सरळ दिसे. पाण्याखाली सुकाणू मात्र होतं तसंच तिरकं राहिलं.

काठावरच्या लोकांनी वाहवा केली.

लखू पुन्हा म्हणाला, “डावीकडे वळताना सुकाणू मध्येच अडतंय. त्याचं निम्मं वळण तर सरळ जाण्यातच संपतंय.”

“अरे, डावीकडे एवढं वळायचंय कुणाला? आपली वाट सरळ आहे.”

वाट खरोखरच सरळ होती. रोज होडी जाई, रोज होडी येई. काही होत नाही, याचीच हिरोजीला सवय झाली. लखूही हळूहळू बोलायचा थांबला.

जत्रेच्या दिवशी होडी माणसांनी भरून निघाली. बेट जवळ आलं आणि अचानक वारा फिरला. शीड फुगलं, होडीने उजवीकडे जोराची ओढ घेतली, आणि त्या बाजूला काळा खडक होता.

हिरोजीने दोन्ही हातांनी दांडा रेटला. दांडा थोडासा सरकला आणि थांबला. सुकाणू आपल्या शेवटाला टेकलं होतं.

“वळव, दादा, वळव!” लखू ओरडला.

“वळत नाही रे!” हिरोजीने दांड्यावर सगळं अंग टाकलं. दांडा हलला नाही.

शीड उतरवायला लखू काठीकडे धावला. तो दोर सोडत होता, तेवढ्यात होडी खडकावर आदळली. उंच काठी मुळातून मोडली आणि त्याच्या अंगावर आली.

आजूबाजूच्या होड्या धावल्या. बरीच माणसं वाचली. देवीसाठी फुलं घेऊन निघालेल्या दोघी बहिणी कधीच सापडल्या नाहीत. लखू सापडला, तेव्हा ओहोटी लागली होती.

भावाचे दिवस झाल्यावर हिरोजीने फुटकी होडी वाळूत ओढली. तळाची फळी बदलली. काठी आखूड केली, दोरी ताणून मधोमध रेघ धरली आणि काठी तिच्यावर नीट बसवली. लखूने सांगितलेलं सगळं केलं. मग होडी पाण्यात लोटून पाहिली. ती बाणासारखी सरळ गेली.

लखूची बायको साळू कालवं काढायला किनाऱ्यावर आली होती. तिला पाहून हिरोजी म्हणाला, “साळू, आता बरोबर बसली बघ.”

साळूने होडीकडे पाहिलं. “भावजी, हे तेव्हाही करता आलं असतं.”

ती रागावली नाही, रडलीही नाही. टोपली उचलून ती निघून गेली. ती रडली असती, तर हिरोजीला बरं वाटलं असतं.

त्या होडीत पुन्हा कुणी बसलं नाही. हिरोजीने कुणाला बोलावलंही नाही. होडी वाळूत सुकली, तिच्या फळ्या उकलल्या, आणि म्हातारा होईपर्यंत तो रोज तिच्याजवळ जाऊन नुसता बसत असे.

ऐकणाऱ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: खोट दाखवणारी खूण सरळ केली, म्हणून खोट जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते.