'घर' कुणाच्या दारावर?

फार पूर्वी, धुकं कधीच न विरणाऱ्या एका खोऱ्यात प्रत्येक दाराला नाव असे. धुक्यात वाट दिसत नसे. माणूस खिंडीत उभा राहून नाव पुकारी, आणि वाट आपोआप त्या दाराकडे वळे. म्हणून एक नाव एकाच दारावर कोरायचं, असा नियम होता.

काही शब्द मात्र राजाने सर्वांसाठी राखून ठेवले होते. त्यांतला एक होता 'घर'. पुढे राजाने ते शब्द मोकळे केले. रांगेत जो पहिला, त्याला नाव.

पहिली उभी होती एक विणकरीण. तिचा नवरा धुक्यात हरवला होता. धुक्यात फार काळ राहिलेल्यांना नावं आठवत नाहीत, 'घर' एवढाच शब्द तोंडी राहतो, हे सगळे जाणून होते.

नावं देणारा कारभारी खिडकी उघडून म्हणाला, "ते नाव गेलं, बाई."

"गेलं? खिडकी तर आत्ता उघडली."

"नियमानेच गेलं."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "कारभाऱ्यांचा नियम आपल्याआधी उठून रांगेत उभा राहिला वाटतं."

कारभाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहाटेच त्याने आपल्या दारावरच्या शिळेवरचं जुनं नाव तासून तिथे 'घर' कोरलं होतं. वाटसरू येतील, खानावळ चालेल, एवढाच त्याचा विचार.

वाटसरू आले. मग संध्याकाळी दुसरेच कुणी येऊ लागले. त्यांच्या पापण्यांवर दव होतं, पावलांना आवाज नव्हता. ते जेवत नसत, नुसते भिंतीला टेकून बसत. त्यांच्यात विणकरणीचा हरवलेला नवरा, विणकरही होता. कारभाऱ्याने त्याला त्याच्या बायकोच्या दाराचं नाव सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मी घर म्हणालो. वाट इथे आली. आता पाय उठत नाहीत."

हळूहळू सगळ्या खोल्या भरल्या. एकदा कारभारी बाहेरून आला, तर त्याची बायको अनोळखी नजरेने म्हणाली, "बसा पाहुणे. कुणाकडे आलात?"

तो हादरला. त्याने दारावरची शिळा उखडली, विणकरणीच्या दाराचं नाव पुकारत तिथे नेली आणि बसवली. शिळेमागोमाग सगळे पाहुणे निघाले. विणकराने उंबरा ओलांडला आणि बायकोला हाक मारली, तिच्या नावाने.

कारभारी परत फिरला. खिंडीत उभा राहून त्याने आपल्या दाराचं जुनं नाव पुकारलं. वाट हलली नाही. पुन्हा पुकारलं. शेवटी तो 'घर' म्हणाला, आणि वाट विणकरणीच्या दारी आली.

तिने त्याला आत घेतलं, पाट मांडला, वाढलं. मग विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय, भाऊ?"

त्याला ते आठवलं नाही.

सर्वांसाठी राखलेलं जो रांगेआधी आपलं करून घेतो, त्याला त्याचं स्वतःचंही परकं होतं.