दुर्बिणीची बैठक

"मग हलतं कुठून, अक्का? तेवढं तरी सांगा."

अंगणात धनंजयनं उभ्या केलेल्या दुर्बिणीभोवती अक्का सावकाश फिरून आल्या.

सुमतीअक्का हेर्लेकर मिरजेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. हौसेनं दुर्बीण करू पाहणारा गावातला प्रत्येक जण त्यांच्या अंगणातून गेलेला. धनंजय तोडकर त्यांतला सगळ्यांत हुशार. कारखान्यात यंत्रांचे आराखडे करायचा. दुर्बिणीचा आरसा त्यानं इथंच घासला होता, पिंपावर काच ठेवून तिच्याभोवती फिरत फिरत. आरसा नामी उतरला.

बैठक मात्र त्यानं कुणाला न विचारता केली. बैठक म्हणजे नळी जिच्यावर टेकते आणि फिरते ती. लोखंडी खांब, आडव्या-उभ्या दोन्ही फेऱ्यांना बॉल बेअरिंग, कसायला पितळी स्क्रू.

"बैठक बघा कशी फिरते. फुंकर पुरते," तो म्हणाला.

"मारली का कुणी फुंकर?"

"परवा वारा होता..."

"काय झालं परवा?"

धनंजयनं रुमालानं हात पुसले. "दादांना शनी दाखवायचा होता."

दादा म्हणजे त्याचे वडील, सोपानराव. काचबिंदूनं एक डोळा गेलेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टर खात्रीनं काही बोलत नव्हते. उभ्या आयुष्यात सोपानरावांनी शनिवारचं तेल कधी चुकवलं नव्हतं. मुलाची दुर्बीण आकार घेऊ लागली तेव्हा ते म्हणाले होते, ज्याला एवढं तेल वाहिलं तो दिसतो कसा, एकदा बघू दे की.

"मग? बघितला त्यांनी?"

"डोळा लावला आणि लगेच म्हणाले, झकास दिसला."

"लगेच?"

"लगेच."

"आणि तू बघितलंस त्यांच्यानंतर?"

"बघितलं," धनंजय म्हणाला. "आत काही नव्हतं. नुसता अंधार."

अक्कांनी मान हलवली. पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. "त्या टाकीची शिडी दुर्बिणीत धर."

त्यानं धरली. स्क्रू कसला. शिडी निसटली. स्क्रू सैल केला, शिडी पुन्हा मध्यावर आणली, पुन्हा कसला. पुन्हा निसटली.

"कसताना सरकतं," तो म्हणाला. "म्हणून आता मोटर बसवणार आहे. आकृती तयार आहे."

"आधी स्क्रू काढ."

"स्क्रू काढला तर नळी जागेवर राहायची नाही."

"मग आत्ता तिला कोण ठेवतंय? बैठक की स्क्रू?"

धनंजयला हे लागलं. "अक्का, दोन पावसाळे घातलेत यात. बेअरिंग साधं नाही, लाखात एक आहे. याच्याइतकं हलकं काही फिरत नाही."

"जादा आहे का एखादं?"

त्यानं पिशवीतून काढून दिलं. अक्कांनी ते कट्ट्यावर उभं ठेवलं आणि फुंकर मारली. बेअरिंग घरंगळत गेलं आणि तुळशीच्या मातीत पडलं.

मग त्यांनी पायातली चप्पल काढून कट्ट्यावर ठेवली.

"हिला मार फुंकर."

"अक्का..."

"मार."

त्यानं मारली. चप्पल हलली नाही.

"आता बोटानं सरकव."

त्यानं सरकवली. जेवढी सरकवली तेवढीच गेली. बोट उचललं तिथं थांबली.

अक्कांनी चप्पल पायात घातली आणि त्या आत गेल्या.

धनंजयनं खाली वाकून मातीतलं बेअरिंग उचललं, पुसलं आणि पिशवीत टाकलं.

दिवाळी झाल्यावर तो परत आला. रिक्षातून एक प्लायवूडचं खोकं उतरवलं, नळी उतरवली आणि मग हाताला धरून सोपानरावांना उतरवलं. खोक्याच्या तळाला सनमायका, तिच्याखाली टेफ्लॉन या गुळगुळीत प्लास्टिकचे तीन तुकडे. नळीला दोन्ही बाजूंना लाकडी चकत्या, त्याही तशाच तुकड्यांवर टेकलेल्या. लोखंड नाही, स्क्रू नाही.

"खोकंच आहे नुसतं," तो अक्कांना म्हणाला. आवाजात अजून थोडी लाज होती.

गच्चीवर गेले तेव्हा नुकते दिवे लागले होते. शनी डोक्याच्या जरा दक्षिणेला होता. धनंजयनं नळी वळवली, शनी मध्यावर आणला आणि वडिलांना स्टुलावर बसवलं. ते वाकले. त्यानं सवयीनं नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"हालतंय रे काहीतरी," सोपानराव म्हणाले. "पण दिसतंय हां, झकास दिसतंय."

अक्का पुढं आल्या. त्यांनी धनंजयचं एक मनगट धरलं आणि नळीवरून बाजूला केलं. मग दुसरं.

सोपानरावांनी डोळा आणखी जवळ नेला.

खालून कुणाची तरी स्कूटर गेली. शेजारी कुकरची शिटी झाली. ते तसेच वाकून होते.

"ह्याला कान आहेत की रे!" ते एकदम म्हणाले. "दोन्हीकडं... कान नव्हं, कडं आहे. कडं घातलंय त्यानं."

कड्याबद्दल धनंजयनं वडिलांना कधी काही सांगितलं नव्हतं. शाळा त्यांची चौथीत सुटलेली.

"चालला," सोपानराव म्हणाले. "कडेला चालला... गेला."

पृथ्वी फिरते तसा ग्रह नळीतून सरकतच जातो. धनंजयचा हात आपोआप पुढं आला. अक्कांनी तो वाटेतच अडवला.

सोपानरावांनी नळी चाचपली. एक बोट लावून ढकलली. चुकीच्या बाजूला गेली असावी, कारण ते पुटपुटले. मग दुसऱ्या बाजूनं हलकेच लोटली आणि बोट काढून घेतलं.

"आला," ते म्हणाले. "आला माझा बाबा."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. नळी होती तिथं राहिली. आता त्यांना कुणाची गरज नव्हती.

धनंजय मागं सरकला आणि कठड्याशी अक्कांच्या शेजारी येऊन उभा राहिला. वडिलांचं लक्ष मोडू नये म्हणून हळू आवाजात म्हणाला,

"अक्का, बैठक जमली ना?"

अक्का सोपानरावांकडे बघत होत्या.

"कुठली बैठक?"