कळकलेल्या लोणच्याचा निवाडा

ही गोष्ट नेमकी कधीची, ते मला सांगता येणार नाही. इतकी जुनी आहे, की ज्या नगरात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण त्या नगरातल्या एका बुरडिणीची हकीगत मात्र अजून सांगितली जाते. लहानांनी ती ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

त्या नगरात जिवाजीशेट नावाचा व्यापारी होता. त्याच्याकडचं लिंबाचं आंबटगोड लोणचं पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. तांब्याच्या मोठ्या पातेल्यांत ते शिजायचं, मातीच्या बरण्यांत भरलं जायचं आणि झाकणावर लाखेची मोहर उठायची. एका खेपेच्या मोहरेत एक पान, पुढच्या खेपेच्या दोन पानं, त्यापुढच्या तीन. शेटजी माणूस वाईट नव्हता. देवळात दिवा लावायचा, नोकरांना सणाला कपडे करायचा.

गिरजा बुरडीण त्याच नगरात वेशीजवळ राहायची. नवरा शिदू रानातून बांबू आणायचा आणि ती टोपल्या विणायची. शेटजींच्या बरण्या गावोगाव जायच्या त्या गिरजाच्या टोपल्यांतूनच. त्यांना आठ वर्षांची एक मुलगी होती, मैना. तिला भाकरीबरोबर लोणचं असलं की दुसरं काही लागत नसे.

एका सोमवारी गिरजाने शेटजींच्या दुकानातून लोणच्याची बरणी आणली. झाकणावर दोन पानांची मोहर होती. दोन दिवस सगळ्यांनी ते हौसेनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी मैनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, आणि उलट्यांचा रंग हिरवट. गिरजाला स्वतःलाही मळमळत होतं, पण तिचं लक्ष पोरीकडेच होतं.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि घरात काय काय खाल्लं ते विचारलं. लोणच्याची बरणी हुंगून त्यांनी एक स्वच्छ लोखंडी सुई मागितली आणि ती लोणच्याच्या रसात बुडवून ठेवली. घटकाभरानं सुई बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर तांबूस पातळ थर चढला होता.

"पातेल्याची कल्हई उडालेली असणार," वैद्यबुवा म्हणाले. "आंबट पदार्थ उघड्या तांब्यात शिजला की कळकतो. हे लोणचं नाही राहिलं, विष झालंय. उरलेलं कुणी खाऊ नका, पण फेकूही नका."

गिरजाने झाकण घट्ट बसवून बरणी उतरंडीवर ठेवून दिली.

त्यानंतर तीन दिवसांनी नगरात दवंडी पिटली गेली. ज्यांच्याकडे दोन पानांच्या मोहरेची बरणी असेल त्यांनी ती शेटजींच्या दुकानात परत करावी, बदल्यात नवी बरणी मिळेल, असा पुकारा झाला. तोवर नगरातली बावीस घरं आजारी पडली होती. बहुतेक जण आठवड्याभरात उठून बसले. पण मैना दीड महिना अंथरुणाला खिळून राहिली. तिचे डोळे पिवळे पडले, पाय काड्यांसारखे झाले. तिच्या उशाशी बसून गिरजाची सुगीतली सगळी कामं हातची गेली. शिदूने बांबू तोडायचा कोयता तेवढा ठेवला आणि वैद्याच्या औषधासाठी बाकीची हत्यारं विकली.

मैना वाचली. पण पूर्वीसारखी धावू शकत नव्हती.

मग एक दिवस शेटजींचा मुनीम दारात आला. त्याच्या हातात नवी बरणी होती, एक लुगडं होतं आणि एक कागद होता. कागदावर अंगठा उठवायचा, जुनी बरणी परत द्यायची आणि या गोष्टीबद्दल पुढे कधी तक्रार करायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सतरा घरांनी अंगठे उठवले आहेत, असंही त्याने सांगितलं.

शिदू म्हणाला की घेऊन टाकावं. वर्षाचं अर्धं काम शेटजींकडून येतं, त्यांच्याशी वाकडं घेऊन खायचं काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गिरजाने मुनिमाकडून एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि ती नरहरपंतांकडे गेली.

नरहरपंतांनी चाळीस वर्षं राजाच्या न्यायसभेत लेखनिकाचं काम केलं होतं. आता ते थकले होते, ओसरीवर बसून वाती वळायचे. गिरजाने सगळं सांगितलं तसं त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

त्यांनी तिला समजावलं, की अंगठा उठवला तर हातात येईल तेवढंच आपलं, पुढे बोलायची सोय उरणार नाही. दुसरी वाट बाजारच्या पंचांकडे जाते. तिथे निकाल लवकर लागतो, खर्च नाही, पण पंच फार तर मालाची किंमत परत देववतात. पोरीचं दुखणं, औषध, बुडालेलं काम, हे सगळं मागायचं तर न्यायसभेतच जायला हवं. तिथे वेळ लागतो आणि पुरावा लागतो. शिवाय आजारी पडल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर सभा तो घेतच नाही.

"पण आजोबा, त्यांनी तर माल परत बोलावला," गिरजा म्हणाली. "चूक कबूल केली. मग आणखी मागणं हा लोभ नाही का?"

"पोरी, परत बोलावली ती बरणी," नरहरपंत म्हणाले. "पोरीच्या पोटात गेलं ते कुणी परत बोलावलं?"

मग त्यांनी विचारलं, बरणी आहे ना? मोहर शाबूत आहे ना? वैद्य साक्ष देतील ना? तिन्हींना गिरजा हो म्हणाली. ज्या चार घरांनी अजून अंगठा दिलेला नाही त्यांनाही बरोबर घे, असं त्यांनी सुचवलं. एकटीचं दुखणं योगायोग वाटू शकतं, पाच घरांचं वाटणार नाही.

गिरजा त्या चारही घरी गेली. एका घरातली म्हातारी या दुखण्यात दगावली होती. तिची सून आत जाऊन अर्धी बरणी घेऊन आली आणि गिरजाच्या पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुनीम रिकाम्या हाताने परतला. त्या आठवड्यापासून शेटजींचं टोपल्यांचं काम बंद झालं. शिदूने मात्र एका शब्दाने बायकोला टोकलं नाही. तो टोपल्या डोक्यावर घेऊन शेजारच्या गावांच्या बाजारांना जाऊ लागला.

न्यायसभेत त्या काळी राणी स्वतः निवाडे करायची. ठरल्या दिवशी पाच घरची माणसं एका बाजूला उभी राहिली, दुसऱ्या बाजूला जिवाजीशेट. वैद्यबुवांनी सर्वांदेखत बरणी उघडली आणि सुई बुडवली. ती तांबूस होऊन बाहेर आली तेव्हा सभेत कुजबुज झाली.

शेटजींनी शांतपणे आपली बाजू मांडली. पातेल्याची कल्हई कधी गेली ते त्यांना कळलं नव्हतं. कळलं त्याच दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, तीनशे बरण्या परत घेतल्या, सगळ्या खड्ड्यात पुरल्या. ज्याने स्वतःहून चूक सांगितली त्यालाच शिक्षा झाली, तर उद्या कोणता व्यापारी खराब माल परत बोलावेल?

मुद्दा बिनतोड होता. तरी राणी म्हणाली, की ज्याने पातेल्याला शेवटची कल्हई केली त्याला बोलवा.

दादूमिया कल्हईवाला आला. त्याची बोटं राखेने आणि नवसागराने काळवंडलेली होती. पूर्वी दर चार महिन्यांनी शेटजींकडून बोलावणं यायचं, या खेपेला ते वर्षभर आलंच नव्हतं, असं त्याने सांगितलं. मग एकदम घाईने निरोप आला. पातेल्याच्या कडेला हिरवा कळक साठला होता. शेटजी स्वतः तिथे उभे होते, त्यांनी तो बोटाने खरवडून पाहिला होता.

"हे कधी?" राणीने विचारलं.

"दवंडी झाली त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, सरकार. त्या दिवशी माझ्या नातवाचं बारसं होतं, म्हणून पक्कं आठवतं."

गिरजा मनात दिवस मोजत होती. तिने ते मोठ्याने सांगितलं.

"मी बरणी आणली ती दवंडीच्या पाच दिवस आधी. म्हणजे शेटजींना कळल्यावर तीन दिवसांनी. त्यांच्याच दुकानातून, राणीसाहेब. त्यांनी स्वतः हातात दिली आणि मैनेसाठी वर एक फोड चाखायला दिली."

जिवाजीशेटांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला वाटलं, एवढ्याने कुणाला काही होणार नाही. थोड्याच बरण्या राहिल्या होत्या. विकून संपतील, आणि गोष्ट मिटेल. लोक आजारी पडायला लागले तेव्हा भ्यालो."

राणीने निवाडा दिला. माल परत बोलावला त्याबद्दल शेटजींचं दुकान बंद होणार नव्हतं, त्यांना तुरुंगही मिळणार नव्हता. दवंडीमुळे कितीतरी घरं वाचली, हे तिने स्पष्ट सांगितलं.

"पण माल परत घेणं हे न खाल्लेल्यांसाठी होतं," ती म्हणाली. "ज्यांनी खाल्लं त्यांचं देणं त्याने फिटत नाही. आणि त्या आठ दिवसांसाठी तर तुमच्याकडे कोणतंच उत्तर नाही."

औषधपाण्याचा सगळा खर्च आणि बुडालेल्या सुगीची भरपाई शेटजींनी करायची ठरली. विकलेल्या हत्यारांच्या जागी नवी हत्यारं द्यायची होती. मैना धडधाकट होईपर्यंत तिच्या पथ्याचा आणि वैद्याचा भार त्यांच्यावर होता. दगावलेल्या म्हातारीच्या घराला पाच वर्षांचं धान्य मिळणार होतं. त्या सुनेने ते स्वीकारलं, पण शेटजींकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

राहिली ती अंगठे उठवलेली सतरा घरं. त्यांतले काही जण सभेच्या दाराशी अवघडून उभे होते. राणीने मुनिमाकडून कागद मागवले आणि विचारलं, की अंगठा घेताना या लोकांना आठ दिवसांची गोष्ट सांगितली होती का? मुनीम नाही म्हणाला. तेव्हा तिने ते कागद रद्द केले. खरी गोष्ट लपवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, असं तिने लेखनिकाला लिहून घ्यायला लावलं. सतरा घरांनाही ज्याच्या त्याच्या नुकसानीप्रमाणे भरपाई मिळाली.

त्या दिवसापासून राज्यात नियम झाला. खराब माल परत बोलावणाऱ्या दवंडीत तो खाऊन काय त्रास होतो आणि तक्रार कुठे करायची, हेही सांगायचं. खाण्याचा माल करणाऱ्या प्रत्येकाच्या पातेल्याची कल्हई दर चार महिन्यांनी राजाच्या माणसाने पाहायची.

जिवाजीशेट पुढेही लोणचं करत राहिले. पहिली काही वर्षं लोक ते घ्यायला कचरायचे. मग शेटजींनी स्वयंपाकघराला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी पाडली. ज्याला हवं त्याने पातेलं पाहून जावं, अशी सोय केली. हळूहळू गिऱ्हाईक परतलं.

मैनेला बरं व्हायला दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी ती बापाबरोबर रानात जाऊन स्वतः बांबू निवडू लागली.

बोध: खराब माल परत घेतल्याने विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि ज्याला इजा झाली त्याने पुरावा जपून, वेळेत आणि इतरांना सोबत घेऊन न्याय मागावा.